किल्ली आपल्याकडे, जबाबदारी आमच्याकडे?

माननीय महोदय,

आपल्या अखत्यारीतल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, फलाटांच्या मागच्या भिंतीला लागून, कार्डाने उघडणाऱ्या लॉकरची लोखंडी कपाटे उभी आहेत. हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. ते उघड लिहीत आहे, कारण बंद पाकिटातून दिलेल्या अर्जांवर शिक्का बसला, पोच मिळाली, लेखी उत्तर मिळाले नाही. स्थानकाचे आणि कंत्राटदार कंपनीचे नाव इथे घेत नाही. दोन्ही आपल्याला ठाऊक आहेत, आणि खाली जे सांगणार आहे तेही बहुतेक सगळे ठाऊक आहे. ठाऊक असूनही ते तसेच का चालू ठेवले आहे, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

मी या शहरात राहत नाही. तालुक्याच्या गावाहून आईला घेऊन इथल्या सरकारी रुग्णालयात यावे लागते. केसपेपर, रक्ततपासणी, एक्स-रे, मग डॉक्टरांची वेळ, यात दिवस सरतो. चादर, बदलायचे कपडे, जेवणाचे डबे भरलेली पिशवी खांद्याला लावून आईला जिने चढवता येत नाही, म्हणून पिशवी स्थानकावर ठेवावी लागते. माझ्यासारखीच तिथे येणारी माणसे आपण पाहिलीच असतील. भरतीच्या परीक्षेला आलेली मुले, ज्यांना केंद्रात बॅग नेता येत नाही. रात्रीच्या गाडीने पुढे कामावर जाणारे मजूर. कोर्टाच्या तारखेला आलेली म्हातारी माणसे. ज्यांना या शहरात ओळखीचे घर नाही आणि चार तासांसाठी लॉजची खोली परवडत नाही, ती माणसे लॉकर वापरतात. चारचाकीतून येणाऱ्याला लॉकरची गरज पडत नाही. म्हणूनच, स्पष्ट बोलते, या तक्रारी इतके दिवस पडून राहिल्या असे मला वाटते.

या स्थानकावर आधी सामान ठेवायची खोली होती. ती फार चांगली होती असे मी म्हणणार नाही. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद व्हायची, सुट्ट्या पैशांवरून वाद व्हायचे, फळ्यांवर धूळ असायची. पण खिडकीमागे एक माणूस बसलेला असायचा. तो बॅगेला कुलूप आहे का ते बघायचा, रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ लिहायचा, पावती फाडून द्यायचा, आणि पावती हरवली तर बॅगेत काय काय आहे ते विचारून, खात्री करून, सही घेऊन बॅग परत द्यायचा. काही गहाळ झाले तर कोणाला विचारायचे हे आम्हाला माहीत होते. ती खोली बंद करताना आपण व्यासपीठावरून तीन गोष्टी सांगितल्या होत्या: सेवा चोवीस तास चालेल, मदतीला कर्मचारी कायम हजर असेल, आणि बससाठी, मेट्रोसाठी व लॉकरसाठी एकच कार्ड पुरेल. उद्घाटनाची कोनशिला अजून तिथे आहे. कर्मचाऱ्याची खुर्चीही आहे. कर्मचारी पहिल्या काही महिन्यांनंतर दिसलेला नाही, आणि लॉकरसाठी वेगळे कार्ड, वेगळी अनामत आम्ही आजही भरतो.

आता यंत्राबद्दल. हे मी मुद्दाम समजून घेतले, कारण माझ्या प्रत्येक प्रश्नावर मला 'सिस्टिममध्ये बघावे लागेल' एवढेच ऐकवले गेले. आपल्या कार्डात बॅटरी नसते. वाचकयंत्राजवळ नेले की त्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातूनच कार्डातल्या चिपला जेमतेम लागेल तेवढी वीज मिळते आणि चिप आपली ओळख सांगते. अशा कार्डांचा संवाद १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो. ती ओळख कपाटाच्या नियंत्रकाकडे जाते, नियंत्रक आपल्या यादीत बघतो की हे कार्ड कोणत्या खणाशी जोडले आहे, आणि त्या खणाच्या कुलपाला विजेचा एक झटका देतो. खिटी मागे सरते, दार उघडते. म्हणजे कुलूप कशाने उघडायचे हे कार्ड ठरवत नाही, नियंत्रकातली यादी ठरवते. यादीत माझ्या खणापुढे दुसऱ्या कार्डाची ओळख लिहिली तर दार त्या दुसऱ्या कार्डाने उघडेल आणि माझ्या कार्डाने उघडणार नाही. ही यादी कोण बदलू शकते? किती जणांकडे मास्टर कार्ड आहे? त्यांनी ते कधी, कोणत्या खणावर वापरले, याची नोंद कुठे राहते, आणि ती नोंद त्यांनाच पुसता येते का? जुन्या खोलीच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर निदान दिसायची.

परीक्षेच्या एका रविवारी पहाटे मी तिथे रांगेत होते. माझ्या पुढे एक मुलगी आणि तिचे वडील होते. रात्रीच्या गाडीने आलेले. तिने बॅग लॉकरमध्ये ठेवून तोंड धुतले, चहा घेतला आणि प्रवेशपत्राची फाइल काढायला ती परत आली. तेवढ्यात वीज जाऊन आली होती. पडदा उजळला, कंपनीचे चिन्ह फिरत राहिले, आणि त्यानंतर कार्ड लावले की 'अवैध कार्ड' एवढेच दिसायला लागले. मुलीने पुन्हा पुन्हा कार्ड लावून पाहिले. वडिलांनी हेल्पलाइनला फोन लावला. तो कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात लागला, पलीकडचा माणूस हिंदीत आणि इंग्रजीत एकच सांगत होता की तक्रार नोंदवली आहे, प्रतिनिधी संपर्क करेल. सुरक्षारक्षकाला विचारले तर तो म्हणाला, "मॅडम, चावी आमच्याकडे नसते. कंपनीचा माणूस आला की तोच उघडतो." वडील मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा ना यांना, दार फोडा म्हणावं, मी भरून देतो." रक्षक घाबरला. फोडले तर त्याच्या पगारातून कापतील, असे तो म्हणाला, आणि मला त्याचे खरे वाटले.

कंपनीचा माणूस आला तेव्हा केंद्राचे दार बंद व्हायची वेळ टळून गेली होती. त्याने खिशातून एक साधी किल्ली काढली, कपाटाच्या बाजूचे झाकण उघडले, आतली तार ओढली आणि दार उघडले. काही क्षणांचे काम. त्या मुलीची वर्षाची तयारी त्या काही क्षणांच्या किल्लीवाचून वाया गेली, कारण किल्ली स्थानकावर ठेवायची परवानगी कोणी दिली नव्हती. आणि त्यानंतर जे झाले ते आपल्याला कोणी सांगितले नसेल तर मी सांगते. पडद्यावर जादा वेळेचे भाडे आले. आपले यंत्र बंद असताना दार उघडले नाही, त्या वेळेचे भाडे. वडिलांनी ते भरले. त्यांना भांडायची ताकद उरली नव्हती.

महोदय, वीज गेल्यावर लॉकरचे दार बंदच राहिले पाहिजे हे मला मान्य आहे. आग लागल्यावर बाहेर पडायच्या दाराचे कुलूप वीज जाताच सुटावे लागते, आणि सामानाच्या खणाचे तसे सुटले तर कोणीही वीज तोडून चोरी करेल. म्हणूनच अशा कपाटांत सहसा आणीबाणीची यांत्रिक किल्ली असते, म्हणूनच नियंत्रकाला बॅटरीचा आधार देतात, आणि म्हणूनच वीज परत आल्यावर नियंत्रकाला आधीची यादी जशीच्या तशी आठवली पाहिजे अशी अट खरेदी करताना घालायची असते. आपण घातली होती का? बॅटरी कपाटामागे आहे, मी पाहिली आहे, तिच्यावर धुळीचा थर आहे. तिची शेवटची चाचणी कधी झाली? आणीबाणीची किल्ली स्थानकप्रमुखांच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात, वापराच्या नोंदवहीसह ठेवायला आपल्याला कोण अडवते? कंत्राटात तशी मनाई असेल तर त्या कंत्राटावर सही कोणी केली?

'नेटवर्क नव्हते' हे उत्तर तर आता पाठ झाले आहे. पैसे कापले जातात, दार उघडत नाही, परतावा येत नाही, आणि कारण एकच, नेटवर्क. आपल्या देशात ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड सुरू झाले. प्रवासासाठीची रक्कम कार्डाच्या चिपमध्येच साठवायची आणि नेटवर्क नसतानाही व्यवहार पुरा करायचा, ही सोय त्यात मुळातच आहे. रुपे कार्डावरची ही व्यवस्था बस आणि मेट्रोसाठी केली आहे, तीच लॉकरसाठी वापरता येते. जपानमध्ये रेल्वेचे सुइका कार्ड स्थानकावरच्या लॉकरची किल्ली म्हणून चालते, आणि यंत्र हातात छापील पावतीही देते. आपण व्यासपीठावरून 'एकच कार्ड' म्हणालात तेव्हा आम्ही हेच समजलो होतो. मग कंत्राटदाराचे खाजगी कार्ड आमच्या हाती कसे आले, आणि त्या कार्डांची अनामत रक्कम आज कोणाच्या खात्यात आहे? कार्ड परत करायची खिडकी आठवड्यातून ठरावीक वेळीच उघडते. बाहेरगावचा माणूस अनामत सोडून देतो. अशा सोडून दिलेल्या रकमांचा हिशेब कोणी मागितला आहे का?

कार्डाच्या सुरक्षिततेबद्दल मी बोलले असते तर आपण म्हणाला असता की बाईंना यातले काय कळते. म्हणून अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या पुतण्याला विचारले. त्याने माझे कार्ड त्याच्या मोबाइलच्या पाठीला टेकवले, आणि चिपचा क्रमांक व जात पडद्यावर आली: मायफेअर क्लासिक. ही चिप १९९४ पासून बाजारात आहे. तिची गुप्त किल्ली फक्त ४८ बिटांची आहे. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ या संशोधकांनी चिपचे थर खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन तिची संकेतपद्धत कशी उलगडली ते सांगितले. २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या गटाने अशा कार्डाची नक्कल करून दाखवली. चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीने त्यांचा शोधनिबंध रोखण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. आर्नहेमच्या न्यायालयाने जुलै २००८ मध्ये ती मागणी फेटाळली. निबंध छापल्याने नुकसान होत नाही, उणीव असलेली चिप बनवून विकल्याने होते, असा त्या निकालाचा रोख होता. लंडनने पुढे आपली प्रवासाची ऑइस्टर कार्डे या चिपवरून अधिक भक्कम चिपवर नेली. हे सगळे जगजाहीर होऊन दशक उलटल्यानंतर आपण आमच्यासाठी तीच जुनी चिप मान्य केली. तांत्रिक छाननी कोणी केली? केली असेल तर त्या अहवालात हे लिहिले होते का?

आणि चिप चांगली असली तरी तेवढ्याने भागत नाही. काही यंत्रणा चिपमधली गुप्त किल्ली तपासतच नाहीत, फक्त तिचा उघडा अनुक्रमांक वाचतात. तो क्रमांक पुतण्याच्या मोबाइलने वाचला तसा कोणालाही वाचता येतो, आणि तोच क्रमांक लिहून घेणारी कोरी कार्डे बाजारात मिळतात. आपली कुलपे यातले काय तपासतात, हा प्रश्न मी अर्जात विचारला होता. 'सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही' असे तोंडी सांगितले गेले. चोराला जे मोबाइलवर दिसते ते प्रवाशापासून लपवून कोणाची सुरक्षा होते?

आता त्या फलकाकडे येते. कपाटाच्या माथ्यावर लाल अक्षरांत लिहिले आहे: 'सामानाची जबाबदारी मालकाची.' कार्डाच्या मागे हेच बारीक इंग्रजीत छापले आहे. मला हा फलक सर्वांत जास्त खटकतो. मी स्वतःचे कुलूप लावले असते, किल्ली माझ्या पदरात बांधली असती, तर मी हा फलक समजून घेतला असता. पण आपण माझे कुलूप लावू देत नाही. दार आपले, खिटी आपली, यादी आपली, मास्टर कार्ड आपल्या कंत्राटदाराचे, कॅमेऱ्याचे चित्रण आपल्या ताब्यात. माझ्याकडे फक्त प्लॅस्टिकचा तुकडा, जो आपण म्हणाल तेव्हा वैध आणि म्हणाल तेव्हा अवैध. मग जबाबदारी माझी कुठल्या न्यायाने?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने, सामान्य विवेकी माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे, असे त्याचे कलम १५१ सांगते. आपले वकील म्हणतील की आम्ही वस्तू सांभाळायला घेतलीच नाही, फक्त रिकामा खण भाड्याने दिला. हा युक्तिवाद नवा नाही. बँकांनीही तो वर्षानुवर्षे केला. कोलकात्यातल्या एका खातेदाराचा लॉकर बँकेने भाडे थकल्याचे सांगून फोडला होता, प्रत्यक्षात भाडे भरलेले होते, आणि आतले सगळे दागिने परत मिळाले नाहीत असे त्याचे म्हणणे होते. अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल दिला. आतल्या वस्तूंचा वाद दिवाणी न्यायालयाकडे सोपवूनही न्यायालयाने बजावले की लॉकरची यंत्रणा सांभाळण्यात आणि चालवण्यात काळजी घेणे हे बँकेचे स्वतंत्र कर्तव्य आहे, त्यातून हात झटकता येणार नाहीत. पाच लाख रुपयांची भरपाई दिली, आणि चूक करणारे अधिकारी अजून सेवेत असतील तर ती त्यांच्या पगारातून वसूल करायला सांगितले.

त्या निकालातला एक भाग आपण अवश्य वाचावा. दोन किल्ल्यांच्या लॉकरकडून आपण इलेक्ट्रॉनिक लॉकरकडे चाललो आहोत, आणि त्यात ग्राहकाच्या हाती पासवर्ड किंवा पिन असला तरी यंत्रणेवर ताबा ठेवण्याचे तांत्रिक ज्ञान त्याच्याकडे नसते. त्याच्या नकळत कोणी तंत्रात फेरफार करून लॉकर उघडू शकते. म्हणून ग्राहक पूर्णपणे संस्थेवर विसंबून असतो, अशी चिंता न्यायालयाने तिथे व्यक्त केली आहे. मी वर जे सांगते आहे ते याहून वेगळे नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये नवे निर्देश काढले. लॉकर उघडला की त्याच दिवशी ग्राहकाला संदेश गेला पाहिजे. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यात सामान गेले तर बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट. बसस्थानकाला हे निर्देश लागू नाहीत, मला कळते. पण बँकेच्या लॉकरमध्ये सोने ठेवणाऱ्याला जे संरक्षण मिळाले त्याचा एक अंशही बसस्थानकावर अंथरूण ठेवणाऱ्याला द्यायचा नाही, असे कोणत्या कायद्याने आपल्याला सांगितले आहे? माझे दार उघडले गेले एवढा संदेश मोबाइलवर पाठवायला किती खर्च येतो? मोबाइल नंबर तर आपण आधीच घेतला आहे.

नंबरच का, बरेच काही घेतले आहे. दार अडकले की हेल्पलाइनवाले आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर मागतात, तेही कोणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर. आईची औषधे आत अडकली होती तेव्हा मी ते पाठवले, कारण दुसरा मार्ग नव्हता. आधारबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी काय मर्यादा घातल्या ते आपल्या विधी विभागाला माहीत असणार. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, तोही माहीत असणार. माझ्या आधारचा तो फोटो आज कोणाच्या मोबाइलमध्ये आहे? तो पुसला का? जुन्या खोलीतला माणूस ओळखपत्र हातात घेऊन, बघून परत देत असे. त्याने माझी ओळख स्वतःच्या खिशात घालून घरी नेली नाही.

पडद्याबद्दल थोडक्यात. तो सपाट काचेचा आहे, त्यामुळे ज्याला दिसत नाही त्याला तो वापरता येत नाही. तो उभ्या माणसाच्या उंचीवर आहे, चाकाच्या खुर्चीतून हात पोहोचत नाही. पहिली भाषा इंग्रजी आहे, आणि मराठीचे बटण दाबल्यावरही पैसे भरण्याचा भाग इंग्रजीतच राहतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि ही कपाटे त्यानंतरची आहेत. जुनी इमारत बदलता येत नाही असे कारण इथे देता येणार नाही.

कंत्राटदाराला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये, म्हणून हे पत्र आपल्या नावे आहे. कंत्राटदार कंपनी उद्या बदलेल, जागा आपली राहील. निविदा आपण काढली, अटी आपण ठरवल्या, भाड्यातला वाटा आपल्याकडे येतो. अडकलेल्या दाराबद्दल कंत्राटदाराला किती दंड करायचा हे कंत्राटात लिहिले असेल तर आजवर तो एकदा तरी केला का? लिहिलेच नसेल, तर लॉकर उघडत नाही ही शक्यता मंजुरीच्या बैठकीत कोणाच्याच मनात आली नव्हती असे समजायचे का?

माझ्या मागण्या अवघड नाहीत. आणीबाणीची किल्ली स्थानकप्रमुखांकडे, नोंदवहीसह, चोवीस तास. ठरलेला कर्मचारी त्या खुर्चीत. यंत्र बंद असलेल्या काळाचे भाडे कोणाकडूनही घ्यायचे नाही, आणि आजवर घेतलेले परत करायचे. दार प्रत्येक वेळी उघडल्याचा संदेश. चिप बदलण्याची तारीख. आधारचे फोटो मागणे आजपासून बंद. भरपाईची एक निश्चित रक्कम, फलकावर, मराठीत, आणि 'जबाबदारी मालकाची' हे वाक्य काढून टाकायचे. हे सगळे होईपर्यंत जुन्या खोलीची खिडकी निदान परीक्षेच्या दिवशी आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत उघडी ठेवावी. खोली अजून वापराविना पडून आहे, आत मोडकी बाके ठेवली आहेत.

त्या मुलीला आपण परीक्षा परत देऊ शकत नाही. तिच्या वडिलांनी भरलेले जादा भाडे परत देऊ शकता, आणि कोणाकडून चूक झाली हे त्यांना लेखी कळवू शकता. त्यांची तक्रार हेल्पलाइनच्या नोंदीत आहे. तारीख परीक्षेची आहे, शोधायला वेळ लागणार नाही.

कंत्राटाची प्रत, कुलपांचा तांत्रिक तपशील, बॅटरीच्या चाचणीच्या नोंदी, मास्टर कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांची पदे आणि जमा अनामतीचा हिशेब, एवढ्यासाठी माहिती अधिकार कायदा २००५ खाली वेगळा अर्ज आज आपल्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे दिला आहे. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. या पत्राला कायद्याने मुदत नाही, तरी उत्तर त्याच काळात यावे अशी विनंती करते. ते मला टपालाने पाठवलेत तरी चालेल, पण त्याची एक प्रत लॉकरच्या शेजारी, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात लावावी.

आपली,
या स्थानकावरची एक प्रवासी